झेडपी-पालिकेच्या शाळेचं प्रगतिपत्रक कसं वाचायचं

प्रगतिपत्रक हातात आलं की आपण आधी श्रेणी बघतो, अ-1 असेल तर पोराचं कौतुक आणि ब-2 असेल तर ओरडा. पण ती श्रेणी येते कशी ते आधी बघा.

पहिली ते आठवीला 2010 च्या जीआरपासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात आकारिक म्हणजे वर्षभर वर्गात चालतं ते, तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, छोट्या चाचण्या वगैरे, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. त्या जीआरप्रमाणे पहिली-दुसरीला शंभरातले आकारिक 70 आणि संकलित 30, तिसरी-चौथीला 60-40, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं आणि सातवी-आठवीला 40-60. त्यामुळे वर्गात छान बोलणारं, प्रकल्प मन लावून करणारं पण लिहायला कंटाळणारं पोर दुसरीत अ-1 आणतं आणि सातवीत एकदम खाली येतं, मग घरच्यांना वाटतं मोबाईलने बिघडवलं (तेही असेल म्हणा!), पण लिहायची सवय तेव्हाही नव्हतीच, फक्त मार्कांत दिसत नव्हती. आणि 80 टक्क्यांना ब-1, 81 ला अ-2, तेव्हा एका पायरीवरून घर डोक्यावर घेऊ नका.

माझ्या मते खरं वाचायचं ते वर्णनात्मक नोंदी, म्हणजे शिक्षकांनी शब्दांत लिहिलेले शेरे, त्यातही 'सुधारणा आवश्यक' हा रकाना. तिथे नुसतं 'सराव करावा' लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही, सरळ बाईंना किंवा सरांना विचारा की कशाचा सराव, आकारिकमध्ये कमी पडलाय की पेपरात, आणि पेपर बघायला मिळेल का. 'कसा आहे हो आमचा?' असं विचारलं की 'हुशार आहे पण दंगा करतो' एवढंच उत्तर मिळतं.

शाळेत विचारायला जायच्या आधी एक काम करा. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर अध्ययन निष्पत्ती दिलेल्या असतात, म्हणजे वर्षाअखेर मुलाला काय यायला हवं त्याची यादी, बहुतेक घरात ते पान कोणी उघडतच नाही. पुस्तक फाटलं असेल तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे. त्यातल्या दोन-चार गोष्टी घरी करून घ्या, पाठांतर नको, म्हणजे अपूर्णांक असतील तर दोन अपूर्णांक देऊन मोठा कुठला आणि का ते विचारा. 'का' ला अडला तर तेच शाळेत सांगा, शिक्षकांनाही नेमकं धरता येतं.

पाचवी आणि आठवीवाल्यांनी जास्त लक्ष द्या. आता तिथे वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नापास झाला तर पुन्हा एक संधी मिळते आणि त्यातही राहिला तर त्याच वर्गात बसावं लागतं. 'आठवीपर्यंत कोणी नापास करत नाही' हे जुनं झालं, म्हणून पहिल्या सत्राचा निकाल आला की लगेच शाळेत जा, मार्चपर्यंत थांबू नका.