मंडळीत अधिकार मिळालाय? मग या चुका टाळा

मंडळी म्हणजे आपलं चर्च, तिथला पाळक (पास्टर) असो, कमिटीतले वडील असोत नाहीतर तरुण संघाचा लीडर, अधिकार हातात आला की माणूस नेमका कुठे घसरतो ते बायबलमध्ये अगदी उघड लिहिलंय, मोठमोठ्या राजांच्या चुकासुद्धा झाकलेल्या नाहीत. मी आमच्या मंडळीच्या कमिटीत बरीच वर्षं आहे आणि यातल्या काही चुका मी स्वतः केल्यात, म्हणून मनापासून लिहितोय.

आधी रहबाम बघा (1 राजे 12). इस्राएलचा राजा शलमोन गेला आणि त्याचा हा मुलगा राजा व्हायला शखेम गावी आला, लोकांची मागणी साधीच होती की तुझ्या बापाने लादलेलं जू जरा हलकं कर, आम्ही तुझी सेवा करू. त्याने तीन दिवस मागितले, इथपर्यंत ठीक. म्हाताऱ्या सल्लागारांनी सांगितलं की आज तू यांचा सेवक झालास तर हे कायमचे तुझे होतील. पण त्याने ऐकलं बरोबर वाढलेल्या पोरांचं, आणि लोकांना उत्तर काय दिलं, तर बापाने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन! इस्राएलाच्या बारा वंशांपैकी दहा वंश निघून गेले, वेठबिगारीवरचा अधिकारी अदोराम पाठवला तर लोकांनी त्याला दगडमार करून मारला आणि राजा रथात बसून यरुशलेमला पळाला.

आपण म्हणतो त्याने सल्ला घेतला नाही, पण तसं नाहीये, त्याने दोन्हीकडे विचारलं. फक्त क्रम नीट वाचा, वडिलांचा सल्ला त्याने आधी टाकला आणि मग पोरांना विचारायला गेला. आपल्याकडेही हेच होतं ना, ठराव आदल्या रात्री फोनवर ठरतो आणि मीटिंग फक्त सह्यांपुरती. यावर मला सापडलेला एकच उपाय आहे, ज्याचं मत आपल्या विरुद्ध आहे हे माहितीये त्याला मीटिंगमध्ये सगळ्यात आधी बोलू द्या आणि आपण शेवटी बोला.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त टोचते. हिशेब विचारला, प्रश्न विचारला की लगेच "देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका" हे वचन पुढे करायचं, अभिषिक्त म्हणजे देवाने निवडलेला माणूस. अहो पण स्तोत्र 105 पूर्ण वाचा! तिथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब, संख्येने थोडे, परक्या देशात फिरणारे, आणि दटावलंय ते राजांना, म्हणजे वचन आहे दुबळ्यांच्या बाजूचं आणि आपण ते खुर्चीवाल्याची ढाल करतो. राजा शौल जिवावर उठला होता तरी दावीदाने त्याच्यावर हात टाकला नाही हे खरंय, पण एन-गेदीच्या गुहेबाहेर उभं राहून, शौलासोबत तीन हजार माणसं असताना, त्याने मोठ्याने त्याला जाब विचारला. अंत्युखिया शहरात प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला तोंडावर विरोध केला. मारू नका आणि विचारू नका यात खूप फरक आहे.

सगळं स्वतःच करणं हीसुद्धा चूकच. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसायचा, तेव्हा सासऱ्याने, इथ्रोने, स्पष्ट सांगितलं की तूही थकशील आणि लोकही, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम (निर्गम 18). दुसऱ्याला काम दिलं की मग त्याच्या डोक्यावर उभं राहू नका, एवढंच.

पैशाबाबत यहूदाचा सुभेदार नहेम्या याचं पुस्तक वाचा, अध्याय 5. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर 40 शेकेल चांदी घ्यायचे, याने 12 वर्षं आपल्या हक्काचा भत्तासुद्धा घेतला नाही, का तर लोकांवर आधीच बोजा होता, आणि त्याच्या पंगतीला दीडशे माणसं जेवायची. आपल्याला एवढं जमेलच असं नाही, पण अर्पण एकट्याने मोजायचं नाही, दोघांनी मोजायचं आणि वहीवर दोघांनी तिथेच सह्या करायच्या, हे तर उद्यापासून जमेल. संशय आपल्यावर नसतानाच हे सुरू करा, नंतर केलं तर दुखावतात माणसं.

आता समजा चूक होऊन गेलीय, तर काय? शौल आणि दावीद शेजारी ठेवून वाचा. "मी पाप केलं" हे दोघंही म्हणाले. पण देवाची आज्ञा मोडल्यावर शौल आधी लोकांवर ढकलतो आणि नंतर संदेष्टा शमुवेलाला विनवतो की वडीलजनांसमोर माझा मान ठेव. दावीदाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला मारवलं, त्यावरून संदेष्टा नाथान समोर उभा राहिला तेव्हा दावीद एवढंच म्हणाला की मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे, उरीयाबद्दल एक सबब नाही, आणि त्याचे परिणामही त्याने भोगले.

मी एकदा उपासनेनंतर साऊंड सिस्टीमवरून एका पोराला सगळ्यांसमोर फार बोललो, चूक वायरची निघाली. फोन करून सॉरी म्हटलं आणि विषय संपला असं धरलं. तो तीन आठवडे आलाच नाही. मग आमच्यातल्या एका वयस्कर मावशींनी विचारलं, ओरडलास सगळ्यांसमोर, मग माफी फोनवर कशी? त्या रविवारी मी त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आलो आणि जिथे ओरडलो होतो तिथेच, त्याच माणसांसमोर, माफी मागितली.