खाडीत सॅम्पलिंगला निघण्याआधी

गेली काही वर्षं नव्या मुलामुलींना ठाणे खाडीत सॅम्पलिंगला, म्हणजे प्रदूषण तपासायला पाण्याचे आणि गाळाचे नमुने घ्यायला न्यायचं काम माझ्याकडे आहे. आदल्या रात्री ग्रुपवर यादी टाकायची: बाटल्या, ग्लोव्ह्ज, बर्फ, टोपी, पाणी. वस्तू सगळ्या येतात, तरी काहीतरी बोंबलतंच. कारण 'बाटली' एवढंच यादीत असतं. कुठली, कशाने धुतलेली आणि कधी उघडायची, हे नसतं. म्हणून या खेपेला सविस्तर लिहितेय. आठवडाभर आधी वाचा, गाडीत बसल्यावर नको.

पहिलं काम सामानाचं नाही, कालनिर्णयाचं. तारीख आपल्या सोयीने ठरत नाही, तिथीने ठरते. कोळीवाड्यातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. भरती पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास, आणि ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. गाळासाठी मला हीच वेळ हवी असते. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस असतो, त्यामुळे तृतीया-चतुर्थीलाही पाणी चांगलं मागे हटतं आणि ऊन चढायच्या आत काम आटोपतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, शिवाय भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी, चिखल धड उघडाच पडत नाही. पाऊणपटीवर विसंबून मात्र निघू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टकं पाहा. ती अपोलो बंदराच्या वेळा देतात, आणि ऐरोलीपर्यंत पाणी चढायला त्याहून उशीर लागतो. तो किती, हे आपल्या नाखव्याला (होडीवाल्याला) विचारा. कृष्ण पक्षातली चतुर्थी धरली तर संकष्टी येते आणि अर्ध्या टीमला उपास असतो. त्या दिवशी डब्यात साबुदाण्याची खिचडी जास्त घ्या. उपाशीपोटी चिखलात उतरलेल्या माणसाला चक्कर येते, हे दोनदा पाहून झालंय.

वेळेचा एवढा बाऊ का, तर ही खाडी दोन्हीकडून मोकळी नाही. सुमारे २६ किलोमीटर लांबी, दक्षिणेला मुंबई बंदराकडे रुंद तोंड, आणि उत्तरेला उल्हासच्या पात्राशी जोडणारी जेमतेम चिंचोळी पट्टी. वरच्या भागात पाणी पुरतं बदलत नाही, झुलत राहतं. पूर्वेच्या काठाला १९६० च्या दशकापासून वाढलेली ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टी, दोन्ही काठांना शहरांचे नाले. त्याच बिंदूवर भरतीला बाटली भरली तर तुम्ही समुद्र मोजता, ओहोटीला भरली तर नाला. दोन्ही आकडे खरेच असतात, पण शेजारी भरतीची वेळ लिहिलेली नसेल तर दोन्ही निरुपयोगी. आपण प्रत्येक ठिकाणी दोन्ही वेळा पाणी घेतो आणि गाळ फक्त ओहोटीला.

परवानगीचं काम माझ्याकडे असतं, तरी कागदाची एक प्रत प्रत्येकाच्या पिशवीत हवी, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. खाडीचा सुमारे १६९० हेक्टरचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही. अभ्यासासाठी शिरायचं तरी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवाना लागतो. परवान्यात 'गाळ व पाणी' लिहिलं असेल तर गाळ आणि पाणीच आणायचं. तिवराची दोन पानं 'सहज' तोडायची नाहीत, निवटी (चिखलातला छोटा मासा) पिशवीत घालायची नाही. ड्रोन घरी ठेवा. रोहित पक्ष्यांचा थवा चरताना माना खाली घालून असतो. एकदम सगळ्या माना वर झाल्या की आपण फार जवळ आलोय. नाखवा तेव्हा न सांगता इंजिन बंद करतो. त्याला घाई करू नका.

आता बाटल्या. इथे मी लांबण लावणार आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका फेरीत सहाच्या सहा ठिकाणी पाण्यात जस्त भरपूर सापडलं, आणि सगळीकडे जवळपास सारखंच. मी मोठ्या हौसेने आलेख काढला, खाली औद्योगिक पट्टीबद्दल दोन जळजळीत वाक्यंही लिहिली. मग ब्लँकचा आकडा पाहिला. ब्लँक म्हणजे प्रयोगशाळेतून नेलेलं अतिशुद्ध पाणी, खाडीत जाऊन त्याच बादलीतून, त्याच फनेलमधून ओतून भरलेलं. त्यातही तेवढंच जस्त! दोर बांधायला सोयीची म्हणून मीच बाजारातून नवी कोरी पत्र्याची बादली आणली होती, जस्ताचा मुलामा दिलेली. खाडीच्या नावावर मी माझी बादली मोजत होते. तेव्हापासून दोर बांधलेला प्लॅस्टिकचा मगच वापरतो, आणि दर फेरीला ब्लँक किमान दोन: एक सुरुवातीला, एक शेवटी. ब्लँकची बाटली 'जागा नाही' म्हणून मागे ठेवलेली मला चालणार नाही. हवं तर एक ठिकाण कमी करू.

तर, धातूंसाठी एचडीपीई प्लॅस्टिकच्या बाटल्या. आधी फॉस्फेट नसलेल्या लिक्विडने धुवायच्या, मग १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये किमान २४ तास बुडवून ठेवायच्या, मग डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याने तीन-चार वेळा विसळून, निथळून, झिप पिशवीत बंद. नायट्रेट-फॉस्फेटच्या बाटल्या या टबात टाकू नका. नायट्रिकने धुतलेल्या बाटलीत नायट्रेट शोधायला निघालेला एक हुशार विद्यार्थी दरवर्षी निघतोच. त्यांना पातळ हायड्रोक्लोरिक. पारा साध्या प्लॅस्टिकमध्ये टिकत नाही, त्याला काचेची किंवा टेफ्लॉनची बाटली. कीटकनाशकं आणि तेलकट संयुगांसाठी तपकिरी काच, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण, आणि भरण्याआधी खाडीच्या पाण्याने विसळायची नाही, कारण तेल काचेला चिकटून बसतं आणि आकडा फुगतो. धातूंची बाटली मात्र विसळून भरायची. हे उलटसुलट होतं म्हणून धातूंना निळं, तेलकट संयुगांना लाल झाकण ठेवलंय.

सूक्ष्म प्लॅस्टिकसाठी स्टीलचे डबे आणि सुती कपडे. लेगिंग, ट्रॅकपँट, मायक्रोफायबरचा टॉवेल, काही नको. लाइफ जॅकेट सिंथेटिकच असतं, ते काढायचं नाही. त्याचा एक नारिंगी धागा पाकिटात घालून आणा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तसाच धागा दिसला तर तो कुणाचा ते कळेल.

अंगावरच्या गोष्टींबद्दल बोललं की मुलं हसतात, तरी सांगते. उन्हाच्या क्रीममध्ये बरेचदा झिंक ऑक्साइड असतं. ते लावायचं असेल तर घरी लावा, वाळू द्या आणि पुढे हात चेहऱ्याला नको. अंगठ्या, बांगड्या, मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. निघताना मारुतीला नमस्कार जरूर करा, पण ती बोटं बाटलीच्या तोंडाशी आणू नका. ग्लोव्ह्ज नायट्राइलचे, पावडर नसलेले, आणि प्रत्येक ठिकाणी नवी जोडी. एक माणूस 'स्वच्छ हात': तो फक्त बाटलीला शिवतो. दुसरा 'मळके हात': दोर, ग्रॅब (तळाचा गाळ उचलणारा लोखंडी जबडा), होडीची कड, सगळं त्याच्याकडे. ही वाटणी गाडीतच ठरवा. होडीत वाद नको.

पायांसाठी गमबूट आणू नका. दिसायला बरे, पण गुडघाभर चिखलात बूट आत राहतो आणि पाय तेवढा वर येतो. जुने कॅनव्हासचे बूट, घट्ट नाड्या, आत जाड मोजे. अनवाणी अजिबात नाही. तिवराची श्वसनमुळं खिळ्यांसारखी उभी असतात आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते घरी विचारून या. पावसाळी फेरीला लेप्टोच्या गोळीबद्दल आपापल्या डॉक्टरांशी बोला. पाय रुतला तर ओढाताण करू नका; मागे टेकून बसा, वजन पसरवा, टाच हलवत हलवत हवा आत जाऊ द्या. सोबत दोन फळ्या आणि एक दोर असतोच.

गाळ कसा घ्यायचा हे चिखलात उभं राहून समजतं, पण एवढं मनात धरून या. वरचा थर तपकिरी, पातळ. त्याखाली काळाकुट्ट, लोण्यासारखा, सडक्या अंड्याच्या वासाचा. काळं ते लोहाचं सल्फाइड, आणि बरेचसे धातू याच सल्फाइडला धरून बसलेले असतात. हवा लागली की काळा रंग डोळ्यांदेखत करडा होत जातो आणि धातूंची पकड सैल व्हायला लागते. म्हणून पिशवी काठोकाठ भरायची, हवा दाबून काढायची, लगेच बर्फात. चमचा प्लॅस्टिकचा, स्टीलचा नाही. तेलकट संयुगांसाठी नेमका उलटा. खोल थरांसाठी आपल्याकडे ॲक्रिलिकची नळी आहे. प्लंबरकडचा उरलेला पीव्हीसीचा तुकडा आणू नका, त्यात शिशाची संयुगं मिसळलेली असू शकतात. नळी कुठलीही असो, कडेचा थर खरवडून टाकायचा आणि मधलाच भाग घ्यायचा.

होडीत गेल्यावर इंजिन बंद, नाळ (होडीचं पुढचं टोक) प्रवाहाच्या तोंडाला, आणि पाणी नाळेकडून घ्यायचं. मागे डिझेलची साय असते, आणि होडीच्या तळाच्या रंगात बहुधा तांबं. विरघळलेले धातू हवे असतील तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि मगच ॲसिड, लिटरला साधारण २ मिलि. क्रम उलटला तर गाळाच्या कणांमधले धातूही पाण्यात उतरतात.

विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी प्रोब (पाण्यात बुडवायचं मापक) आहे, तरी विंक्लरच्या, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन मोजायच्या बाटल्या सोबत हव्यातच, कारण प्रोबवर शेवाळी साय चढली की तो बेधडक खोटं बोलतो. ३०० मिलिची काचेची बाटली, नळी तळापर्यंत, बुडबुडा येता कामा नये. मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड, बूच लावून उलटसुलट करायची. खाडीच्या मध्यावर बाटलीत तपकिरी ढग तयार होतो आणि हळूहळू खाली बसतो. घणसोलीच्या बाजूच्या एका नाल्याच्या तोंडाशी ओहोटीला आम्ही हेच केलं तेव्हा ढग दुधासारखा पांढरा आला. पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाहीच. नाखवा वाकून बघत होता, म्हणाला, "बाय, इथं बोयसुद्धा थांबत नाय." ते वाक्यही आम्ही वहीत लिहिलं. मासे कुठे थांबत नाहीत हे त्याच्याइतकं आमच्या प्रोबला कळत नाही.

सीओडी (घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो, ती चाचणी) या पाण्यात करू नका, कितीही कुणी मागितला तरी. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं, चाचणीतलं डायक्रोमेट तेच खाऊन बसतं. बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागतो, ती चाचणी) तीन दिवस, २७ अंशांवर.

वही पावसात टिकणारी, आणि पेन्सिल. मार्करचं अक्षर ॲसिटोनच्या एका थेंबाने पुसलं जातं, म्हणून झाकणावर मार्कर, बाटलीला टॅग, आणि गाळाच्या दोन पिशव्यांच्या मध्ये पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. लेबलं आदल्या दिवशी कोरड्या बाटलीवर लावा. ओल्यावर टेप धरत नाही. एखादं ठिकाण चुकलं, पाणी उतरलं, होडी पोहोचलीच नाही, तर तसं लिहा आणि रिकामी बाटली परत आणा. शेजारच्या ठिकाणचं पाणी भरून आकडा पुरा करणारा मला पुढच्या फेरीला नको.

बर्फ बंदरावर चुरा मिळतो, पण तो थेट आईसबॉक्समध्ये ओतायचा नाही. वितळलेलं पाणी झाकणातून शिरतं. पिशव्यांत बांधून घाला, बाटल्या उभ्या. ॲसिड वेगळ्या डब्यात, सोबत खाण्याचा सोडा, आणि हा डबा ट्रान्स-हार्बर लोकलने न्यायचा नाही. गाडीच लागेल, आणि गाडी म्हणजे संध्याकाळी ऐरोली पुलावरची रांग. तिचा तासभर बर्फाच्या हिशेबात धरा.

प्रयोगशाळेत पोहोचल्यावर चहा नंतर. आधी बीओडीच्या बाटल्या इनक्युबेटरमध्ये, गाळ फ्रीजरमध्ये, ॲसिड घातलेलं पाणी फ्रीजमध्ये चार अंशांवर, विंक्लरचं टायट्रेशन त्याच रात्री, आणि ताबा-पत्रकावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, वेळेसकट. ग्रॅब गोड्या पाण्याने धुऊन स्प्रिंगला तेल, नाहीतर महिन्याभरात गंजतो. कॅनव्हासचे बूट आमच्या मागच्या गॅलरीत उलटे टांगा. मागच्या वेळी एकाने ते सोसायटीच्या जिन्यात ठेवले होते, दुसऱ्या दिवशी गॅस गळतोय म्हणून वॉचमनने सिलिंडरवाल्याला बोलावलं.