क्ष-किरण ऑप्टिक्स: कोटेशनमधला कुठला आकडा पाहायचा

स्फटिकावर क्ष-किरण सोडून त्यातली अणुरचना शोधणारं यंत्र घेताना, किरण स्फटिकापर्यंत नेणारं ऑप्टिक्स निवडावं लागतं. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये एकूण फोटॉनांचा (किरणकणांचा) आकडा ठळक असतो. तो सोडून द्या. तुमच्या स्फटिकावर, समजा ०.१ मिमीच्या वर्तुळात, किती फोटॉन पडतात आणि बीम किती मिलिरेडियन (१ मिलिरेडियन म्हणजे मीटरमागे १ मिमी) फाकतो, हे दोन आकडे लेखी मागा.

सपाट ग्रॅफाइट मोनोक्रोमेटर (एकच तरंगलांबी निवडणारा स्फटिक) स्वस्त नि दणकट, पण बीम एकवटत नाही. ०.३ मिमीचे टपोरे स्फटिक असतील तर भागतं.

खरी निवड पॉलिकॅपिलरी की बहुस्तरीय आरसे (पातळ थरांचे, तरंगलांबी निवडून बीम एकवटणारे), ही. पॉलिकॅपिलरी म्हणजे काचेच्या बारीक पोकळ नळ्यांची जुडी. ती किरण भरपूर गोळा करते, पण तरंगलांबी निवडत नाही. तांब्याच्या नळीला निकेलचा, मोलिब्डेनमला झिर्कोनियमचा फिल्टर लावावाच लागतो. शिवाय बीम फाकतो. हिशोब बघा: तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम, युनिट सेलची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकाची) बाजू २०० अँगस्ट्रॉम, डिटेक्टर ६० मिमीवर. स्फटिकाने वळवलेल्या किरणांच्या शेजारच्या दोन ठिपक्यांत जेमतेम ०.४६ मिमी अंतर पडतं, आणि ५ मिलिरेडियन फाकलेला बीम ठिपका ०.३ मिमीने फुगवतो. प्रथिनांच्या सेल अशाच मोठ्या असतात, म्हणून त्यांच्यासाठी आरसेच घ्या.

आरशांची खोड मोलिब्डेनमवर दिसते. तिप्पट तरंगलांबीचे किरणही परावर्तित होऊन येतात, त्यांचे ठिपके तीनने भाग जाणाऱ्या निर्देशांकांच्या (ठिपक्यांच्या क्रमांकांच्या) ठिपक्यांवरच पडतात आणि त्यांची तीव्रता खोटी वाढते. ०.१ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा बीमच्या वाटेत लावा: हे किरण सुमारे ३ टक्के उरतात, कामाचे मात्र ८७ टक्के मिळतात.

डेमोला स्वतःचा स्फटिक न्या. नळीचे केव्ही, मिलिअँपिअर आणि एक्स्पोजर तुलनेतल्या दोन्ही यंत्रांवर सारखंच. बीम मोजायला गोनिओमीटरवर (स्फटिक फिरवणाऱ्या भागावर) ५० मायक्रॉनचं पिनहोल, मागे किरण मोजणारा फोटोडायोड. २० मायक्रॉनच्या टप्प्यांनी आडवं-उभं सरकवा, तेही दरवाजा बंद ठेवून मोटरनेच. ५० मिमी मागे पुन्हा मोजा. रुंदी ०.२५ मिमीने वाढली तर फाकणं ५ मिलिरेडियन. मग रिकाम्या लूपची (स्फटिक धरणाऱ्या फासाची) एक फ्रेम घ्या. बीम स्फटिकाहून फार मोठा असेल तर पार्श्वभूमीच वाढते. उलट स्फटिक बीमबाहेर डोकावत असेल तर फिरताना उजळणारा भाग बदलतो आणि आर-इंट (सारख्या असायला हव्यात अशा ठिपक्यांमधला फरक दाखवणारा आकडा) बिघडतो.

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. रात्री एसी बंद ठेवला तर सकाळी आरशांची जुळणी हललेली सापडेल. खोलीचं तापमान स्थिर झाल्यावरच तपासा. चिलरमध्ये बोअरचं जड पाणी अजिबात नको, क्षार धरतात. उत्पादकाने सांगितलेलंच पाणी भरा.