ग्योझे तव्याला चिकटतात, फुटतात? या चुका टाळा

ग्योझा म्हणजे मैद्याच्या पारीत खिमा-कोबीचं सारण भरून, चुण्या घालून मिटलेलं डम्पलिंग. तव्यावर खरपूस केलेल्या या डम्पलिंगला चीनमध्ये 'ग्वोथ्ये' म्हणतात. अर्थ सरळ आहे : 'भांड्याला चिकटलेलं'! तेव्हा पहिला घाणा चिकटला तर फार मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या महायुद्धानंतर ईशान्य चीनमधल्या मांचुरियातून परतलेल्या जपान्यांनी हा पदार्थ घरोघरी रुजवला आणि तो 'ग्योझा' झाला. जपानमधली उत्सुनोमिया आणि हामामात्सु ही शहरं तर आज ग्योझासाठी ओळखली जातात.

आपल्या स्वयंपाकघरात तो बिघडतो तो बहुतेकदा पाण्यामुळे.

सगळ्यात मोठी चूक कोबीची. पहिल्या खेपेला मी कोबी बारीक चिरून तसाच खिम्यात ढकलला होता. पंधरा मिनिटांत सारणाचं कालवण झालं आणि पाऱ्या ताटाला चिकटून बसल्या. पाव किलो कोबीला अर्धा चमचा मीठ चोळा, 15 मिनिटं थांबा आणि फडक्यात घालून घट्ट पिळा. सारणात पुढे मीठ घालताना हात राखा, कारण सोया सॉसही खारटच असतो. खिमा आधी एकाच दिशेनं चिकट होईपर्यंत फेटा, कोबी शेवटी. मशरूम वापरत असाल तर ते कोरडे होईपर्यंत परता आणि पूर्ण गार करा.

तिळाच्या तेलातही फसगत होते. इथे हवं ते भाजलेल्या तिळाचं, गडद रंगाचं तेल. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नाही.

मैदा गार पाण्यात भिजवला तर लाटताना पारी आक्रसते. 200 ग्रॅम मैद्याला साधारण 110 मिली उकळतं पाणी घ्या, मळून अर्धा तास झाकून ठेवा. पुरीसारखी एकसारखी पारी लाटू नका. मोदक करणाऱ्यांना सांगायला नकोच : मध्ये किंचित जाड, कडा पातळ. चुण्या एकाच बाजूला घाला, म्हणजे बूड सपाट बसतं. काठाला सारणाचं तेल लागलं की तोंड मिटत नाही, आणि आत हवा राहिली की ग्योझा फुगून फुटतो. विकतच्या कोरड्या पारीच्या काठावरून पाण्याचं बोट फिरवा. ताज्या पारीला सहसा लागत नाही.

आता तवा. तेल तापायच्या आत ग्योझे मांडले की चिकटलेच म्हणून समजा. मध्यम आचेवर बुडं बदामी होऊ द्या, मग ग्योझांच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत गरम पाणी ओतून लगेच झाकण ठेवा. पाणी उडतं, हात सांभाळा. 5-6 मिनिटांनी झाकण काढून पाणी पूर्ण आटू द्या. तडतड बदलते, ओलसर फसफस जाऊन कोरडा आवाज येतो, तोवर उलथनं लावू नका. लावलंत तर बूड तव्यावरच राहतं. आणि उलटवायचे नाहीतच, खरपूस बाजू एकच.

फ्रीझरमधले ग्योझे वितळवू नका, लगदा होतो. थेट तव्यावर टाका, वाफ दोन मिनिटं जास्त द्या.

वाढताना मात्र खरपूस बाजू वर ठेवा. ताटलीकडे तोंड करून ठेवलेलं बूड स्वतःच्याच वाफेनं मऊ पडतं.