गिटार आणि गळ्यावर पहिला अल्बम करताय? या चुका टाळा

गिटारचा आवाज भोकातून येतो, म्हणून माइक भोकासमोर. जवळजवळ प्रत्येक नवा गायक हा सरळ हिशेब करतो आणि इथेच फसतो. गिटार वाजते ती मुख्यतः पुढच्या लाकडी पाटीतून. भोकातून बाहेर येते ती पोटातली हवा, साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमणारी. लोकवळणाच्या गाण्यात शब्द सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके तेच या घुमाऱ्याखाली दबतात. मिक्सिंगमध्ये खर्ज कापला तर घुमाऱ्याबरोबर गिटारचा भरीवपणाही जातो. माइक बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी), 25 ते 30 सेंटीमीटरवर ठेवा. मग हेडफोन लावून तो दोन-दोन सेंटीमीटर सरकवत ऐका. यात पंधरा मिनिटं जातात. ती वाचवणाऱ्यांना पुढे अख्खं गाणं पुन्हा वाजवावं लागतं.

दुसरी चूक याहून महाग पडते: क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठेक्याच्या टिकटिकीवर, आधी गिटार, गळा नंतर. पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. गिटार मिनिटाला 92 ठोक्यांच्या लयीत चोख वाजते. चार दिवसांनी गाताना शेवटच्या कडव्याआधी गळा अर्धा श्वास थांबू पाहतो, पण गिटार केव्हाच पुढे गेलेली असते. मग वीस-तीस टेक होतात, त्यातले तुकडे जोडले जातात, सूर दुरुस्त केला जातो. एवढं करून हाती येतं ते बिनचूक आणि निर्जीव गाणं. शेवटी दोन्ही ट्रॅक पुसून पहिल्यापासून सुरुवात.

स्वतःच्या साथीने गाणाऱ्याने गाणं आणि वाजवणं एकत्रच रेकॉर्ड करावं. क्लिक दोन आवर्तनं ऐकायची आणि बंद करायची. दोन्ही माइक फिगर-एट पॅटर्नचे घ्या. या माइकला बाजूचं जवळपास ऐकू येत नाही, म्हणून गळ्याच्या माइकची बाजू गिटारकडे आणि गिटारच्या माइकची बाजू तोंडाकडे वळवा. मग एका माइकची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची उलट-सुलट दिशा, उलटवून पाहा. ज्या स्थितीत आवाज भरीव लागतो ती ठेवा. तरी थोडा आवाज एकमेकांत मिसळतोच, त्यामुळे नंतर गळ्याचा सूर ओढता येत नाही. ते बरंच आहे. पूर्ण गाण्याचे तीन टेक घ्या आणि त्यातला एक निवडा. सांधायचंच झालं तर अख्खं कडवं बदला, शब्द नको.

तारा आदल्या दिवशी बदला, ऐनवेळी नको; नव्या तारा उतरत राहतात. कापो (मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की पुन्हा सुरात मिळवा, कारण त्याच्या दाबाने तारा चढतात. 24 बिटवर रेकॉर्ड करताना सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे 10 डेसिबलच्या (शून्य ही कमाल मर्यादा) आसपास राहिला तरी पुरे. मीटर लाल करण्यात काही मिळत नाही. आणि रिकाम्या खोलीची तीस सेकंदं टिपून ठेवा, सांधे झाकायला लागतात.

पारंपरिक गाणं घेणार असाल तर चालीवर कुणाचा हक्क नसला तरी ज्या रेकॉर्डवरून ते शिकलात त्यातल्या मांडणीवर कुणाचा हक्क असू शकतो. मांडणी स्वतःची करा.

एलपी काढायची असेल तर गाण्यांचा क्रम आधी ठरवा. मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं धरा. त्याहून जास्त भरलं की आवाज बारीक करावा लागतो. आतल्या खाचांत तार स्वर आणि ‘स’कार फाटतात, म्हणून प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं शांत, खालच्या पट्टीतलं ठेवा.