शेंगतेल महागलं की सरकीचे डबे किती मागवायचे?

शेंगतेल चढलं की आमचे सासरे म्हणतात, "आता सरकी उठणार." दांडिया बाजारातल्या आमच्या किराणा दुकानात त्यांचा हा अंदाज कधी चुकला नाही. पण किती उठणार? ते मात्र वहीच सांगते.

दर आठवड्याला दोन्ही तेलांचा भाव आणि विकलेले डबे लिहा. भाव किलोवर आणूनच लिहायचा. १५ लिटरच्या डब्यात साधारण १३.६५ किलोच तेल असतं. १५ किलोच्या डब्याशी त्याची थेट तुलना केली की पुढचं सगळं गणित बिघडतं. मी पहिले दोन महिने हेच केलं आणि ती पानं वाया गेली.

आता सरकीचा भाव हलला नाही असे आठवडे निवडा. समजा, शेंगतेल १० टक्के चढलं आणि सरकीचे डबे २० वरून २४ वर गेले, म्हणजे २० टक्के वाढले. २० ला १० ने भागा, उत्तर २, म्हणजे शेंगतेल १ टक्का चढलं की सरकीचे डबे २ टक्के जास्त लागतात. अर्थशास्त्रात याला मागणीची छेदक लवचिकता म्हणतात. उत्तर शून्याच्या वर असेल तर वस्तू एकमेकींना पर्यायी, खाली असेल तर चहा-साखरेसारख्या पूरक. शून्याच्या आसपास असेल तर जादा डबे मागवूच नका.

श्रावण आणि दिवाळीचे आठवडे गाळा. दिवाळीत फराळामुळे सगळीच तेलं खपतात, त्यात भावाचा हात दिसत नाही. श्रावणात उपासाला सरकी चालत नाही, तेव्हा भाव कितीही चढो, शेंगतेलच जातं.

आणि फरसाणवाल्यांचं पान वेगळं ठेवा, हे मी आग्रहाने सांगते. त्यांचा नफाच तेलात अडकलेला. शेंगतेलाचा भाव चढला की त्याच दिवशी ते तेल बदलतात. घरची गिऱ्हाइकं अर्धीच वळतात. आमच्या एक आजी मोठा डबा सोडून म्हणाल्या, "तळणाला सरकी दे, पण उपासाला लिटरभर शेंगतेल वेगळं बांध." म्हणून भाव चढल्यावर शेंगतेलाच्या लिटरच्या पिशव्या मी उलट जास्त ठेवते.

भाव उतरला की हाच हिशेब पुन्हा करा, जुनं उत्तर वापरू नका. फरसाणवाले आठवड्यात परततात. सरकीची चव अंगवळणी पडलेली काही घरं परतत नाहीत. त्यांच्यापुरते सरकीचे डबे मी कमी करत नाही.