शांत, कमी विजेच्या पीसीला एसएमपीएस घेताय? या चुका टाळा

ग्राफिक्स कार्ड नाही, आय3-12100 सारखा साधा प्रोसेसर, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क. असा पीसी जोडायला घेतला की एसएमपीएसबद्दल, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, पहिला प्रश्न ठरलेला असतो, "650 वॅटचा एसएमपीएस घेऊ ना? पुढे लागला तर?" गेल्या काही वर्षांत हे इतक्यांदा ऐकलंय, की आता मी आधी कागद घेऊन हिशेबच मांडतो.

इंटेलच्या आकड्यांनुसार हा प्रोसेसर टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात, 89 वॅटपर्यंत जातो. बाकी सगळं धरून पूर्ण जोर लावला तरी पीसी साधारण 120 वॅटच्या आत राहतो. टायपिंग, ब्राउझर, टॅली चालू असताना तर 20-30 वॅटच. आता एसएमपीएस किती कमी वीज वाया घालवतो ते सांगणारा 80 प्लसचा बिल्ला बघा. ब्राँझ किंवा गोल्ड देताना एसएमपीएस 20, 50 आणि 100 टक्के लोडवर तपासतात. 650 चे 20 टक्के म्हणजे 130 वॅट. तुमचा पीसी तिथवर कधी पोचतच नाही! ज्या 25 वॅटवर तो दिवसभर बसून असतो, तिथे एसएमपीएस कसा वागतो हे गोल्डचा बिल्ला सांगतच नाही. टायटॅनियम बिल्ल्याला निदान 10 टक्के लोडची अट आहे.

एका ओळखीच्यांकडे फाइल ठेवायला असाच पीसी चोवीस तास चालू असायचा. आत दुकानदाराने गळ्यात मारलेला भला मोठा एसएमपीएस. पीसीची गरज 30 वॅटची आणि भिंतीतून ओढत होता 46. कमी वॅटचा, चांगल्या घडणीचा बसवल्यावर मीटर 35 वर आला. 11 वॅट ऐकायला काहीच नाहीत, पण चोवीस तासांच्या मशीनवर वर्षाला 95 च्या आसपास युनिट होतात. शिवाय वाया जाणारी वीज म्हणजे उष्णता, आणि उष्णता वाढली की पंखा फिरणार.

म्हणून मी 300 ते 450 वॅटमध्येच शोधतो आणि कमी लोडचे आकडे दिलेली चाचणी सापडेपर्यंत थांबतो. एटीएक्स 3.0 या एसएमपीएसच्या मानकात 10 वॅट किंवा 2 टक्के लोडलाही किमान 60 टक्के कार्यक्षमतेची अट आहे, त्यामुळे त्यातला मिळाला तर बरंच. आठवडाभर थांबायची तयारी नसलेल्यांना माझं हे बोलणं आवडत नाही. त्याला माझा इलाज नाही.

कॅबिनेटसोबत फुकट येणारा "450 वॅट"चा डबा वापरू नका. स्टिकरवर 12 व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. 10 असतील तर ते 120 वॅटच झाले.

आता ज्या चुकीचा मला खरोखर राग येतो ती. एसएमपीएस बदलताना जुन्या मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुट्या निघणाऱ्या, वायरी तशाच ठेवणं. माझ्या भाच्याने हेच केलं. "मामा, वायरी छान बांधून झाल्यात, कशाला सोडू?" नव्या एसएमपीएसच्या सॉकेटमध्ये त्या चपखल बसल्यासुद्धा. पण एसएमपीएसकडच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही. बटण दाबलं आणि जळका वास आला. 5 व्होल्टच्या जागी 12 गेले होते. एसएसडी गेली ती गेलीच. हार्ड डिस्कवर आमच्या आईचे शेवटच्या वर्षातले व्हिडिओ होते. नशिबाने डिस्कच्या बोर्डावरचा संरक्षक डायोड शॉर्ट झाला आणि झटका त्यानेच घेतला. एका जाणत्या दुरुस्तीवाल्याने तो काढला, तेव्हा डिस्क फिरली आणि डेटा निघाला. ते दोन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही.

तेव्हापासून जुना एसएमपीएस निघाला की त्याच्या सगळ्या वायरी त्याच्याच खोक्यात बांधून ठेवतो, वर मॉडेलचं नाव लिहितो. पाच मिनिटं वाचवायला कोणी "बसतेय ना, मग चालेल" म्हणालं, तर मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवतो.

पिकोपीएसयू, म्हणजे बाहेरच्या अडॅप्टरवर चालणारा छोटासा एसएमपीएस, घेणार असाल तर त्याला सीसीटीव्हीचा स्वस्त अडॅप्टर लावू नका. साध्या पिकोमध्ये 12 व्होल्ट अडॅप्टरमधून जवळपास जसेच्या तसे मदरबोर्डला जातात; अडॅप्टर डळमळला की पीसी डळमळतो.

फ्लेक्स एटीएक्स, म्हणजे छोट्या कॅबिनेटसाठीचा अरुंद एसएमपीएस, त्यातला 40 मिमीचा पंखा किणकिणतो. शांतता हवी असेल तर ते खोकंच नको.

बिनपंख्याचा एसएमपीएस बंद कपाटात कोंडू नका, जाळीची बाजू वर ठेवा.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर एसएमपीएस परत करायला धावण्याआधी अर्थिंग तपासा. फिल्टरमधल्या कपॅसिटरमधून थोडा करंट बॉडीवर येतोच, तो जायला तिसरी पिन लागते. टू-पिनचं कन्व्हर्टर लावलं असेल तर ते आजच काढा आणि वायरमनकडून भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं अर्थिंग करून घ्या.